लेकीला गुन्हेगारीशास्त्र शिकायचंय? मग पुढची पायरी आधी बघू



मागच्या महिन्यात एका गटाची मासिक सभा होती. बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले, सह्या-अंगठे झाले आणि शेवटी 'ऐनवेळचे विषय' आले. ऐनवेळी सहसा रेशनचा प्रश्न निघतो, नाहीतर कुणाच्या घरच्या कार्यक्रमाचं आमंत्रण. त्या दिवशी गटाच्या सचिव ताई म्हणाल्या, "मॅडम, आमची पोरगी बारावी आर्ट्सला हाय. तिला म्हणं कॉलेजात गुन्हेगारीशास्त्र शिकायचंय. ही काय भानगड हाय?"

मग काय, सतरंजीवरच चर्चा पेटली. एक काकू म्हणाल्या, "चोरांचा अभ्यास करून पोरीचं लग्न व्हायचं का?" दुसरी म्हणाली, "अगं, पोलीस होती त्यानं." तिसरीनं मोबाइलवरच्या मालिकेतली बाई आठवली, हातमोजे घालून केस उचलणारी. आणि सचिव ताईंचे मालक काय म्हणतात ते त्यांनीच सांगितलं, "पैसे घालायचे तर नर्सिंगला घालू, ह्याला नाही."

मी त्या दिवशी घाईत होते, पुढच्या गावची एसटी होती, म्हणून "लिहून देते" असं बोलून निघाले. तर हे ते लिहून देणं. मी स्वतः समाजकार्याची पदवी घेतली आहे आणि त्यात हा विषय थोडा शिकले आहे. मला जेवढं पक्कं माहीत आहे तेवढंच सांगते.

आधी एक गोष्ट, कारण तिच्याशिवाय पोरीचा हट्ट कळणार नाही. त्या मुलीची चुलत बहीण लग्नानंतर दोन वर्षांत भाजून गेली. दवाखान्यात जबाब घेतला तेव्हा सासरची माणसं खाटेच्या उशाशी उभी होती. कागदावर 'स्टोव्हचा भडका' आलं. तेव्हा ही पोरगी नववीत होती आणि ती तिथं होती. खरं काय झालं ते मला माहीत नाही, आता कुणालाच कळायचं नाही. पण पोरीचा प्रश्न साधा आहे: जबाब घेताना त्यांना बाहेर का काढलं नाही? तिला पोलीस व्हायचं नाही. तिला हे असं का होतं आणि पुढच्या वेळी कसं होऊ नये, ते शिकायचं आहे. ताईंनो, गुन्हेगारीशास्त्राची सुरुवात नेमकी अशाच प्रश्नापासून होते.

आता विषय समजून घेऊ. त्यासाठी आपल्याच शिवारातलं उदाहरण घेते. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. हे आपल्याकडे नवीन नाही. या एकाच चोरीकडे चार माणसं चार तऱ्हेनं बघतात. पोलीस विचारतो, केली कुणी? वकील विचारतो, कलम कुठलं लागतं आणि पुरावा काय? प्रयोगशाळेतला माणूस केबल कापल्याची खूण बघतो, ती कोणत्या हत्यारानं कापली ते सांगतो. ह्याला न्यायसहायक विज्ञान म्हणतात, इंग्रजीत फॉरेन्सिक सायन्स. आणि गुन्हेगारीशास्त्र शिकलेली बाई विचारते: केबल कुठल्या महिन्यात जास्त जातात? तांबं कोण विकत घेतं? वस्ती सोडून लोक ऊसतोडीला गेल्यावर चोऱ्या वाढतात का? पकडलेला पोरगा पहिल्यांदा चोरी का करून बसला, आणि सुटल्यावर परत करील की नाही? आणि ज्याची मोटार बंद पडून पीक वाळलं, त्याचं कोण बघतं?

1979 साली लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी मांडलं, की गुन्हा घडायला तीन गोष्टी एका जागी याव्या लागतात: करायला तयार असलेला माणूस, हाताला लागण्यासारखी वस्तू, आणि राखण करणाऱ्याची गैरहजेरी. आता आपली विहीर आठवा. तिन्ही गोष्टी तिथं आहेत की नाही? चोराला पकडणं पोलिसाचं काम, पण तिसरी गोष्ट, म्हणजे राखण, ती गावही बदलू शकतं. म्हणून हे शास्त्र नुसतं चोरांचं नाही.

आणखी एक अभ्यासक होते, एडविन सदरलँड. त्यांचं म्हणणं, गुन्हा माणूस संगतीत शिकतो, जसं बाकी सगळं शिकतो तसं. आपल्याकडे हे आजीसुद्धा सांगते, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. पण सदरलँड एवढ्यावर थांबले नाहीत. 1939 साली त्यांनी दाखवून दिलं, की इस्त्रीचे कपडे घालून, खुर्चीत बसून केलेले गुन्हेही गुन्हेच असतात आणि त्यांच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. पैसे दामदुप्पट करून देतो म्हणणारा गोड बोलणारा एजंट आठवला ना? आपल्या किती बायकांनी मंगळसूत्र मोडून त्याच्याकडे पैसे ठेवले होते. त्याला गावात कुणी 'चोर' म्हणालं नाही, 'साहेब' म्हणत होते.

याच्या उलट ज्यांना न करताच चोर म्हटलं जातं, ते कोण? इथं मला थोडं थांबायचंय. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी लोंब्रोसो नावाचा इटालियन डॉक्टर होऊन गेला. त्यानं 1876 साली पुस्तक लिहून मांडलं, की काही माणसं जन्मतःच गुन्हेगार असतात आणि कवटी, जबडा बघून ती ओळखू येतात. आज हे कुणी खरं मानत नाही. पण त्याच्याही आधी, 1871 साली, इंग्रजांनी आपल्या देशात एक कायदा केला होता, गुन्हेगार जमाती कायदा. अख्ख्या जमातीला जन्मापासून गुन्हेगार ठरवणारा. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, तारेच्या कुंपणाच्या वसाहतीत राहायचं. सोलापुरातली 'सेटलमेंट' त्यातलीच. हा कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला, पण केबल चोरीला गेली की पहिली गाडी अजून कुठल्या पालावर जाते, ते तुम्हीही बघता आणि मीही बघते. आपल्या महासंघात पारधी समाजाच्या ताई आहेत. त्यांच्या मुलांना शाळेत काय ऐकावं लागतं ते त्यांनाच विचारा. ह्या विषयाचं पुस्तक वाचताना मला सगळ्यात जास्त लाज ह्या धड्याला वाटली, कारण लहानपणी पालाजवळून जाताना मीही चप्पल हातात घेऊन पळत होते.

शिक्षेचं काय करायचं, हाही ह्या शास्त्राचा भाग. त्याचं एक उदाहरण आपल्या भागातलंच आहे. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. औंध संस्थान असताना, 1939 साली, बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकारानं तिथं कैद्यांची उघडी वसाहत सुरू झाली. भिंत नाही, गज नाहीत, कैदी शेती करायचे. व्ही. शांतारामांचा 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' त्याच्यावरूनच सुचला, लिहिला आपल्या गदिमांनी. जगातल्या कॉलेजात 'खुलं कारागृह' शिकवतात, आणि आपण त्याच्या शेजारून बाजाराला जातो!

आता मुख्य मुद्द्यावर येते. विषय चांगला आहे, पण पोटापाण्याचं काय?

सरळ सांगते. नुसत्या गुन्हेगारीशास्त्राच्या पदवीवर नोकरी मिळेल, असं समजू नका. ह्या विषयाला जिना समजा. पहिल्या पायरीवर नुसतं उभं राहून काही मिळत नाही, पण तिथून वर तीन-चार वाटा फुटतात. कुठल्या वाटेनं जायचं ते बारावीनंतर लगेच नाही ठरलं तरी चालेल, फक्त वाट बंद होईल असं काही करायचं नाही.

पहिली चूक इथंच होते, म्हणून ठळक सांगते. गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान, म्हणजे फॉरेन्सिक, ही दोन वेगळी शिक्षणं आहेत. मालिकेतली हातमोज्यावाली बाई फॉरेन्सिकवाली. त्याला बारावी सायन्स लागतं. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला त्यासाठी शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. तुमची मुलगी आर्ट्सला असेल तर ती वाट आता नाही. आणि मुलगी दहावीत असेल, तिला प्रयोगशाळेतच जायचं असेल, तर अकरावीला आर्ट्स घेऊ नका, मग रडून उपयोग नसतो. गुन्हेगारीशास्त्राला मात्र आर्ट्स चालतं, उलट बरंच पडतं, कारण त्यात समाज, मन आणि कायदा हे तिन्ही येतं.

आपल्या तालुक्याच्या कॉलेजात 'गुन्हेगारीशास्त्र' नावाची वेगळी बी.ए. बहुधा सापडणार नाही. घाबरू नका. समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन बी.ए. केलं तरी चालतं. समाजशास्त्रात गुन्हा आणि समाज हा भाग येतोच. नाहीतर बी.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदवी. त्यात वर्गात बसणं कमी आणि क्षेत्रकार्य जास्त. माझं क्षेत्रकार्य एक वर्ष मुलांच्या निरीक्षणगृहात होतं, आठवड्याचे दोन दिवस. घरी सांगितलं तेव्हा आई शेजारणीला म्हणाली, "आमची जेलात जाती," आणि शेजारणीनं ते अर्ध्या गावाला सांगितलं.

तिथला एक सोळा वर्षांचा पोरगा दर वेळी एकच विचारायचा, "ताई, माझी आई आली होती का?" त्यानं केलेला गुन्हा बारीक नव्हता. कायद्यात अशा मुलाला 'गुन्हेगार' म्हणत नाहीत, 'विधीसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो शब्द उगाच अवघड केलाय असं वाटलं होतं. त्या पोराच्या शेजारी बसून वही तपासली तेव्हा शब्दाचा अर्थ लागला. हे सांगायचं कारण असं, की ह्या शिक्षणात वाईट गोष्टी रोज कानावर पडतात. पोरगी हळवी असेल तर तिला आधी कल्पना द्या. हळवं असणं वाईट नाही, पण रात्री झोप लागली पाहिजे.

बी.ए. किंवा बी.एस.डब्ल्यू. झाल्यावर पुढचं. समाजकार्याची मास्टर डिग्री ही सगळ्यात सरळ वाट. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्याच्या एम.ए.मध्ये गुन्हेगारी आणि न्याय ही शाखा नावाजलेली आहे. संस्था 1936 सालची. तिथला प्रवेश सीयूईटी या राष्ट्रीय परीक्षेतून होतो, म्हणजे अर्ज निकालानंतर नाही, पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच भरायचा. इथं आपल्या मुली हमखास चुकतात. निकाल लागल्यावर चौकशीला येतात, तोवर परीक्षा होऊन गेलेली असते.

ह्याच संस्थेनं 1984 साली मुंबई पोलीस आयुक्तालयात 'महिला व मुलांसाठी विशेष कक्ष' सुरू केला. मारहाण झालेली बाई पोलीस ठाण्यात आली, की तिच्याशी बोलायला तिथं शिकलेली सामाजिक कार्यकर्ती बसलेली असते, खाकी नसलेली. पुढे हे कक्ष राज्यभर जिल्ह्याजिल्ह्यांत झाले. 1990 साली संस्थेनं 'प्रयास' नावाचं काम सुरू केलं, ते तुरुंगातल्या माणसांबरोबर. म्हणजे बघा, सचिव ताईंच्या मुलीचा जो प्रश्न आहे, खाटेच्या उशाशी कोण उभं राहणार, त्याच प्रश्नावर काम करणाऱ्या जागा आहेत आणि तिथं पगारावर माणसं घेतात.

ह्या शाखेची दुसरी शिक्षणं राज्याबाहेर आहेत. मध्य प्रदेशात सागरच्या डॉ. हरिसिंह गौर विद्यापीठात 1959 पासून गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञानाचा विभाग आहे. आपल्याला जवळ म्हणजे धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, तिथंही हा विभाग आहे. जतकडच्या ताईंना धारवाड मुंबईपेक्षा जवळ आणि भाषेचीही अडचण नाही. गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आहे, 2020 साली त्याला राष्ट्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तमिळनाडूत चेन्नई आणि तिरुनेलवेलीला विभाग आहेत, पण तिथं जेवणापासून भाषेपर्यंत सगळं नवीन. ते मुलीनं स्वतः ठरवावं.

दुसरी वाट वकिलीची. बारावीनंतर पाच वर्षांची, किंवा कुठलीही पदवी झाल्यावर तीन वर्षांची. दोन्हीला राज्याची सीईटी द्यावी लागते. तीन वर्षांच्या एल.एल.बी.ला पदवीत खुल्या वर्गाला 45 टक्के, ओबीसींना 42 आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के लागतात. म्हणून बी.ए. 'पास झाली म्हणजे झालं' असं करू नका. एल.एल.बी.त बऱ्याच विद्यापीठांत गुन्हेगारीशास्त्र हा ऐच्छिक विषय असतो, आणि पुढे एल.एल.एम.ला फौजदारी कायद्याची शाखा घेता येते. सध्या हे शिकणाऱ्या मुलींना एक फायदाही आहे. 1 जुलै 2024 पासून 1860 चा जुना दंड संहितेचा कायदा जाऊन भारतीय न्याय संहिता आली. नवरा किंवा सासरच्यांच्या छळासाठी आपण 498-अ म्हणायचो, ते आता कलम 85 झालं. जुन्या वकिलांनाही नव्यानं पाठ करावं लागतंय, नवीन मुली त्यांच्या बरोबरीनं सुरुवात करतात.

ज्या ताईंना स्वतःलाच वकिली शिकायची इच्छा आहे, (आहेत, मला दोघी माहीत आहेत!) त्यांच्यासाठी एक सूचना. बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिलच्या नियमात ती एल.एल.बी.च्या प्रवेशाला चालत नाही. आधी बारावी आणि मग मुक्त विद्यापीठाची पदवी, असं असेल तर अडचण नाही. आणि वकिलीची पदवी घरबसल्या, पोस्टानं मिळत नाही. कुणी देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

तिसरी वाट शिकवण्याची आणि संशोधनाची. मास्टर्स झाल्यावर नेट ही परीक्षा असते. तिच्या विषयांच्या यादीत गुन्हेगारीशास्त्र वेगळं आहे आणि समाजकार्यही वेगळं आहे. चांगले गुण पडले तर पीएच.डी. करताना दर महिना पैसेही मिळतात. ही वाट लांबची, पण बंद नाही. नवीन शैक्षणिक धोरणात पदवी तीन वर्षांची किंवा चार वर्षांची करता येते. चार वर्षांची केली तर पुढची मास्टर डिग्री एका वर्षात होऊ शकते. एक वर्ष झाल्यावर शिक्षण सोडावं लागलं तर सर्टिफिकेट आणि दोन वर्षांनंतर डिप्लोमा मिळायची सोय आहे. ही सोय आहे, सल्ला नाही. "एक वर्ष झालं, सर्टिफिकेट मिळालं, आता लग्न" असं कुणी म्हणालं, तर मला बोलवा.

पोलीस उपनिरीक्षकाच्या किंवा दुसऱ्या स्पर्धा परीक्षांना कुठलीही पदवी चालते. त्यासाठी मुद्दाम हा विषय घ्यायची गरज नाही. हा विषय घेतला म्हणून गुण वाढवून मिळत नाहीत.

नुसत्या विषयावर अवलंबून राहू नका असं मी का म्हणते, ते एका उदाहरणावरून पटेल. प्रत्येक जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते, निराधार किंवा छळ झालेल्या मुलांचे निर्णय ती घेते. तिच्या सदस्यांना कुठली पदवी लागते ते बाल न्याय कायद्यात लिहिलं आहे: बालमानसशास्त्र, कायदा, समाजकार्य, समाजशास्त्र, मानवविकास अशी नावं आहेत. त्या यादीत गुन्हेगारीशास्त्र नाही! जिनं समाजकार्य घेऊन त्यात गुन्हेगारीशास्त्र शिकलं तिला दार उघडं. जिनं फक्त गुन्हेगारीशास्त्र घेतलं ती ज्ञानानं कमी नसूनही बाहेर. म्हणून माझं मत असं, की निदान एक पदवी समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा कायद्याची असू द्या आणि गुन्हेगारीशास्त्र तिच्या जोडीला किंवा तिच्या वर घ्या.

आता जे सांगायला जड जातं ते. दोन वर्षांपूर्वी एका गटातल्या ताईंनी अंतर्गत कर्ज काढून मुलीच्या 'क्रिमिनॉलॉजी डिप्लोमा'ला 35,000 रुपये भरले. शहरातला एक क्लास होता, भिंतीवर मोठमोठे फोटो, 'शंभर टक्के नोकरी' असा बोर्ड. वर्षानं सर्टिफिकेट मिळालं, गुळगुळीत कागदाचं, सोनेरी शिक्क्याचं. ते घेऊन मुलगी पुढच्या प्रवेशाला गेली तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "विद्यापीठ कुठलं?" विद्यापीठ नव्हतंच. क्लासनं स्वतःच छापलेलं सर्टिफिकेट. त्या ताईंनी कर्ज मंजूर होताना मला विचारलं होतं, आणि मी "कोर्स चांगला वाटतो" म्हणाले होते. मी कागद बघितला नव्हता. गटानं हप्ते लांबवून दिले, पण पैसे फेडले त्या माऊलीनंच, शेळ्या विकून.

तेव्हापासून मी तीन प्रश्न विचारल्याशिवाय कुठल्याही कोर्सला 'चांगला' म्हणत नाही. पदवी किंवा डिप्लोमा कुठल्या विद्यापीठाच्या नावानं मिळणार? ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का? (यूजीसी बोगस विद्यापीठांचीही यादी काढते, तीही बघायची.) आणि हा कागद दाखवून पुढे नेमक्या कुठल्या पदवीला प्रवेश मिळतो, ते त्या पुढच्या कॉलेजलाच फोन करून विचारायचं, क्लासवाल्याला नाही. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. वाटेनं जाताना पुढचं गाव कुठलं ते रिक्षावाल्याला नाही, गावच्या माणसाला विचारावं.

घरी राहून शिकायचं असेल तर इग्नूचा फौजदारी न्यायाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, विधी सहायक कामाचा डिप्लोमाही आहे. इग्नू केंद्र सरकारचं विद्यापीठ आहे, कागद खरा असतो. प्रवेश दर वर्षी चालू आहे का, ते मात्र अर्ज करताना बघून घ्या.

पैशाचं थोडक्यात. अर्ज महाडीबीटीवर, आणि त्याला जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास लागतं. 2024-25 पासून राज्य सरकारनं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. वकिली त्यात येते, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला पाहिजे. साधी बी.ए. ह्या योजनेत धरू नका, तिला वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. शिष्यवृत्ती उशिरा खात्यावर येते, हे धरून चाला. बँकेचं शैक्षणिक कर्ज 4 लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, आईवडील सहकर्जदार लागतात. गटाचं अंतर्गत कर्ज फीसाठी काढू नका, ते खोलीचं डिपॉझिट, मेस, एसटीचा पास ह्यासाठी ठेवा. फी कुठून तरी भागते, मेसवाला थांबत नाही.

आणि ज्यांना वाटतं, आमचं वय गेलं, त्यांच्यासाठी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक नेमतं. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या योजनेत कोणाकोणाला घ्यावं त्याची यादी आहे, त्यात बचत गटाच्या सदस्यांचं नाव लिहिलेलं आहे. दहावी झालेली असली तर उत्तम. प्रशिक्षण मिळतं, कामाच्या दिवसाचं मानधन मिळतं. तिथं पहिल्या दिवशीच कळतं, की 1987 च्या कायद्यानं प्रत्येक बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. माझ्या माहितीत असे कितीतरी खटले आहेत, जे नुसतं हे माहीत नव्हतं म्हणून उभे राहिले नाहीत.

आता सचिव ताईंच्या घरचं. परवा मी त्यांच्याकडे गेले होते. मुलगी, आई आणि मी चुलीपाशी बसून कागदावर जिना काढला. तालुक्याच्या कॉलेजात समाजशास्त्र आणि मानसशास्त्र घेऊन बी.ए., 55 टक्क्यांच्या वर राहायचं, तिसऱ्या वर्षी सीयूईटी आणि वकिलीची सीईटी दोन्ही द्यायच्या. जिथं आधी नंबर लागेल तिथं. नेटच्या परीक्षेलाही पुढे टक्के बघतात, म्हणून 55 चा आकडा तिनं भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला. आईनं आतापासून महिन्याला 300 रुपये वेगळे टाकायचे ठरवलं, तिसऱ्या वर्षाच्या अर्जांसाठी आणि मुंबईच्या एका खेपेसाठी.

वडील ओट्यावर बसले होते, आत आले नाहीत. मी निघाले तेव्हा चप्पल घालताना त्यांनी विचारलं, "उत्पन्नाचा दाखला किती दिवसांनी जुना होतो?" मी म्हटलं, "काका, मार्चनंतर नवा काढावा लागतो." ते म्हणाले, "मग एप्रिलात मी काढून आणतो, सेतूत माझी वळख हाय."